हाळीला ओ

मी नेमकं काय काम करते हे आईला अजून पटलेलं नाही. कळलं नाही असं मी म्हणत नाही. कळलंय. पटलेलं नाही.

पेणच्या खाडीकाठच्या आमच्या गावी गेले की ओट्यावर मासळी साफ करता करता ती हमखास विषय काढते.

“होडीत मानूस नाय?”

“नाय.”

“वल्हवनारा पन नाय?”

“मशीन असते, आई.”

“मग ज्या होडीत मानूसच नाय, तिच्यासाठी तू येवढी शिकलीस काय गो?” आणि मग भावाकडं बघून, “नवरा धाटावला कंपनीत शिफ्टवर, होडी रिकामी. बरा जमवलाय हिनं.”

भाऊ हसतो, मीही हसते. पण उत्तर देते, कारण उत्तर न देता गप्प बसणं मला जमत नाही. बोट रिकामी असते, खरं आहे. पण काठावर एक माणूस बसलेला असतो आणि मी त्या माणसासाठी काम करते. पेणला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमची खोली आहे. तिथं ऑपरेटर स्क्रीनसमोर बसतो आणि खाडीत चार लहान बोटी आपापल्या फिरतात. बार्जच्या वाटेत गाळ किती साचला, पाणी किती खोल आहे, ते मोजत जातात. बोटी चार, माणूस एक. त्याला डोळे दोनच, आणि तेही एका वेळी एकाच ठिकाणी बघणार. तेव्हा त्याला कधी काय दाखवायचं, काय झाकून ठेवायचं आणि कुठल्या क्षणी त्याच्या खांद्याला हात लावून “इकडे बघ” म्हणायचं, हे मी ठरवते. स्क्रीनवरची प्रत्येक रेघ, प्रत्येक रंग, प्रत्येक आवाज माझ्या हातून जातो.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. मुद्दाम सांगते. आमचं घर मिठागरावर राबलेलं. आजोबांनी मीठ ओढलं, बाबांनी ओढलं, आईनं टोपल्या वाहिल्या. कॉलेजात पहिल्या वर्षी मला ‘खाडीकडची’ म्हणायचे, आणि मी म्हणायचे, हो, खाडीकडचीच. आजही मीटिंगमध्ये कुणी पुण्याच्या वळणाचं बोलायला लागलं की माझ्या तोंडून ‘नाय’ जरा जास्तच जोरात निघतं. त्याला माझा इलाज नाही आणि इलाज करायची इच्छाही नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की इतक्या वर्षांत या कामातून मी स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. मला त्या स्क्रीनमधून एक आवाज ऐकायचा होता.

आमच्या गावाची शेती खाडीच्या पातळीच्या खाली. मध्ये मातीचा बांध. बांधाच्या एका टोकाला उघाडी, म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारं दार. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेला दुपारी मोठं उधाण यायचं. त्या दिवशी गावातले बाप्ये फावडी आणि पेंढ्याचे भारे घेऊन बांधावर जायचे आणि हाकेच्या अंतरावर एकेक जण उभा राहायचा. खेकड्यांनी कुठं भोकं केली असतील, कुठं बांध भिजून मऊ झाला असेल, काही सांगता यायचं नाही. एकदा पाणी आत घुसलं की खांड पडते, बांधाला भगदाडच, आणि खांड पडली की त्या वर्षीचं भात तर जातंच, पुढं जमीनही खारी होते.

उघाडीवरचा माणूस हाळी घालायचा. “होऽऽ!” त्याच्या शेजारचा ओ द्यायचा आणि पुढच्याला हाळी घालायचा. असं ते बांधभर जायचं आणि शेवटच्या टोकाहून परत यायचं. थोडा वेळ गेला की पुन्हा. भरती उतरेपर्यंत हेच. त्यात बातमी काही नसायची. ‘मी आहे, माझ्या पायाखालचा बांध आहे’, एवढंच.

आणि कुणाचा ओ आला नाही, की दोन्ही बाजूंचे लोक फावडी घेऊन त्या दिशेला पळायचे. विचारायला कुणी थांबायचं नाही. खांड फुटत असेल तिथला माणूस मदतीला ओरडेल असं आमच्याकडं कुणी धरूनच चालत नसे. तो छातीपर्यंत पाण्यात पेंढ्याचा भारा अंगानं दाबून उभा असणार. खांडीच्या पाण्याचा आवाज असा, की आपलं ओरडणं आपल्यालाच ऐकू येत नाही. तेव्हा ओरडा झाला तर धावायचं, हा हिशेब तिथं चालत नव्हता. गप्प झालं की धावायचं.

बाबांची जागा उघाडीपासून तिसरी. मी त्यांची भाकरी घेऊन जायचे आणि भरती उतरेपर्यंत तिथंच रेंगाळायचे. त्यांचा ओ खालच्या पट्टीतला, शेवटी किंचित ओढलेला, जणू दार लोटताना ते पुरतं लागेपर्यंत हात ठेवावा तसा. कधी तोंडात घास असला की मला खुणावायचे, आणि मी ओ द्यायचे. एकदा पलीकडून चौथ्या जागेवरचा काका ओरडला, “काय रं, आज बांधावं कोंबडीचा पिल्लू ठेवलायस काय?” बाबा घास गिळून म्हणाले, “पिल्लू हाय, पन जागा हाय. तू तुजा बघ!” दिवसभर मी फुगून चालत होते.

पुढं कंपन्या आल्या. बाप्ये शिफ्टला जायला लागले. उधाणाच्या दिवशी बांधावर माणसं कमी, जागा मोकळ्या. हाळी मधेच तुटायची. दोन मोकळ्या जागा ओलांडून ओ ऐकू येत नसे, आणि मग ओ आला नाही तो माणूस नाही म्हणून की बांध नाही म्हणून, हेच कळेनासं झालं. एका पावसाळ्यात अशाच एका मोकळ्या जागी खांड पडली. ती बुजवायला माणसं पुरली नाहीत. आज तिथं तिवराची झाडं आहेत, दाट, बगळ्यांनी भरलेली. बघायला येणाऱ्याला ती छान वाटतात. मला त्यांच्याखाली आमचं शेत दिसतं.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं होते. माझी नोकरी त्यांनी बघितली. बोटी बघायला मात्र राहिले नाहीत. त्यांचा फोटो आहे, लग्नातला एक व्हिडिओही आहे, त्यात ते जेवताना लाजून मान खाली घालतात. आवाज कुठंच नाही. तो बांधावरचा ओ तर कोण कशाला टिपून ठेवणार होतं?

तर, स्क्रीन.

आमची पहिली स्क्रीन सगळ्यांची असते तशीच होती. काही बिघडलं की अलार्म. लाट जोराची आली, अलार्म. बॅटरी उतरली, अलार्म. कचरा आडवा आला, अलार्म. ऑपरेटरनं पहिल्या आठवड्यातच आवाजाचं बटण तळाला नेऊन ठेवलं. त्याला दोष देता येत नाही, मीही तेच केलं असतं. साहेब म्हणाले, “स्क्रीन शांत करा. त्या माणसाला जगू द्या.”

त्या दिवशी पेणहून रोह्याला परत येताना मला बांध आठवला. मनात आलं, आपण उलटं करू. बिघाड झाला की बोंब नको. सगळं ठीक असताना प्रत्येक बोटीनं थोड्या थोड्या वेळानं हलकासा ओ द्यावा. चौघींचे चार वेगळे. ऑपरेटरचे डोळे एका बोटीवर असले तरी कान चौघींवर राहतील. जिचा ओ चुकेल, तिच्याकडं मान आपोआप वळेल. साहेबांना पटलं. चाचणीपुरतं करून बघा म्हणाले.

तीन आवाज मी पटकन बनवले. चौथा, म्हणजे तीन नंबरच्या बोटीचा, मी रोह्याजवळ वरसेला, आमच्या घरी बसून बनवला. नवरा शिफ्टला गेला की लॅपटॉप उघडायचा आणि आठवायचं. खालची पट्टी. शेवटी किंचित ओढ. जवळ जायचा आणि निसटायचा. एकदा आईला फोनवर ऐकवला, कुणाचा ते न सांगता. ती म्हणाली, “पान्यात पडलेला बोकड हाय काय?” कुणाचा ते सांगितलं तेव्हा पुन्हा वाजवायला लावला, मग म्हणाली, “नाय गो. त्यांचा भरलेला व्हता. ह्यो पोकळ हाय.” मी फोन ठेवून पुन्हा बसले. अखेर एका संध्याकाळी तो आला. अगदी तो नाही. पण लांबून, वाऱ्यातून यावा तसा. मी तिथंच थांबले. आणखी सुधारायला गेले असते तर तेवढाही गेला असता.

चाचणी सुरू झाली आणि मला पेणला रोज जायचं निमित्त मिळालं. ऑपरेटरच्या मागं खुर्ची टाकून बसायचं, त्याचे डोळे कुठं जातात ते टिपायचं. माझं कामच ते. पण खरं सांगायचं तर एक, दोन झाले की मी तिसऱ्याची वाट बघायचे. एक. दोन. मग बाबा. मग चार. खिडकीबाहेर गणपतीच्या कारखान्यातला रंगाचा वास, खाली रिक्षावाल्यांची भांडणं, आणि मी बांधावर.

ऑपरेटर रोह्याच्या आतल्या, खाडीपासून लांबच्या गावचा, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला. आधी धाटावला एका कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये होता. वयानं माझ्याहून मोठा, कामाला चोख, जिभेला तिखट. माझ्या आवाजांना तो बेडूक म्हणायचा. “ताई, तुमचा तिसरा बेडूक आजारी हाय काय? लय रडका वरडतो.”

“तो तसाच आहे, दादा. त्याला काही बोलू नका.”

“बरा बाबा. नाय बोलत बेडकाला.”

मला एक गोष्ट खटकत होती, पण मी ती खटकू दिली नाही. ओ आला की तो दर वेळी त्या बोटीकडं बघायचा. दर वेळी. दुपारपर्यंत त्याचे डोळे लाल व्हायचे. मी स्वतःला सांगितलं, सवय होईल.

मग तो दिवस. ओहोटी लागली होती. एकचा ओ आला, दोनचा आला, आणि मग चारचा आला.

मी उठून उभी राहिले. खुर्ची मागं पडली. ऑपरेटरनं त्याच वेळी थर्मासमधून चहा ओतून घेतला होता आणि पाठ टेकून, सुस्कारा सोडून, पहिला घोट घेत होता.

“तीन नंबर कुठाय?”

“हाय की तिथंच. आता कुठं जरा शांत झालाय बिचारा.”

“दादा, तो शांत झालाय!”

“तेच म्हनतोय मी. बरा चाललाय.”

तीन नंबर बरा चालला नव्हता. एका जुन्या जाळ्यात पंखा अडकून तो गाळाच्या उंचवट्यावर कलला होता आणि पाणी त्याच्याखालून निघून चाललं होतं. नुकसान काही झालं नाही. पुढच्या भरतीला मासेमारी करणाऱ्यांनी सोडवून दिला, वर त्याला ‘येडा रेडा’ असं नावही ठेवलं. पण चाचणीचं जे व्हायचं ते झालं होतं. एकाच शांततेनं मी घाबरून उठले होते आणि तो निवांत झाला होता.

आम्ही दोघं त्यावर भांडलो. म्हणजे तो चहा पीत होता, मी भांडत होते.

“ताई, आमच्यात भात तयार झाला की शेतातल्या माळ्यावं बसतात. डुकरं येतात ना. चार शेतांना चार माळे. कोन वरडला तर डुक्कर आला. नाय वरडला तर समदा बरा हाय, गप पडून ऱ्हावा. उगाच ओ ओ करत बसला तर शेजारचा धोंडा मारील.”

“आणि माणूस माळ्यावरून पडला तर?”

“पडताना वरडेल की!”

“आमचा नाही ओरडत,” मी म्हणाले. “तो पेंढ्याचा भारा दाबून पाण्यात उभा असतो.”

त्यानं पेला खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. कोण उभा असतो, असं त्यानं विचारलं नाही.

साहेबांनी आणखी दोन ऑपरेटर बसवून बघितले. एक मुलगी खाडीकडची होती. तिला काही समजवावं लागलं नाही. ती ओ ऐकत आपलं काम करत राहिली आणि एक ओ मुद्दाम गाळला तशी तिची मान वळली. मला तिला मिठी मारावीशी वाटली. दुसरा आतल्या गावचा. तो ओ थांबला की सैल व्हायचा. साहेब मला म्हणाले, “स्क्रीन तुमची आहे, तुम्ही ठरवा. फक्त एवढं बघा, ही उद्या दुसऱ्या खाडीवर जाईल, दुसऱ्या माणसांसमोर.”

तो आठवडा मी वरसेला फार वाईट काढला. खरं म्हणजे उत्तर माझ्या घरातच होतं. नवराही आतल्या गावचाच. शिफ्टला गेला की फोन करत नाही. लग्न झालं तेव्हा मी रागावले तर म्हणाला, “फोन नाय आला म्हंजे बरा हाय ना.” ही माणसं काळजी करत नाहीत असं नाही. त्यांना शांततेनं धीर येतो. मला शांततेनं धडकी भरते. यात चूक कुणाचीच नाही, पण एका खोलीत एका स्क्रीनसमोर दोघांनाही बसायचं आहे.

मग मी माझ्या कामाला शोभेल ते केलं. ओ ठेवला, त्याचा आवाज काढला. आता प्रत्येक बोट उत्तर देते तेव्हा स्क्रीनच्या कडेला तिची एक लहानशी रेघ वर उठते आणि हळूहळू खाली विझत जाते, पुढच्या उत्तराला पुन्हा उठते. उत्तर चुकलं तरच आवाज येतो, आणि तो बोटीचा नसतो, स्क्रीनचा असतो. खाडीकडच्याला बोटी ओ देताना दिसतात. माळ्यावरच्याला शांततेत शांतता मिळते आणि गडबडीत हाक. दोघंही चांगलं काम करतात. ऑपरेटरचे डोळे लाल होत नाहीत. साहेब खूश आहेत आणि मीही आहे. तीच स्क्रीन पुढं बाकीच्या कामांनाही लागली. ती चांगली आहे. नम्रपणा मला जमत नाही.

फक्त आता त्या खोलीत काही ऐकू येत नाही. एक रेघ उठते, विझते. तिसरी रेघ इतर तिघींसारखीच आहे. रेघेला खालची पट्टी नसते.

आवाजाची फाइल माझ्याकडं आहे. ती मी वाजवत नाही. लॅपटॉपवर, हवा तेव्हा, बटण दाबून आलेला ओ हा ओच नव्हे. वाट बघितल्यावर आला तरच तो ओ. हे मला वाजवून बघितल्यावर कळलं.

गेल्या पावसाळ्यात एका उधाणाच्या दिवशी मी गावी होते. आईला म्हटलं, जरा जाऊन येते. तिनं कुठं ते विचारलं नाही, नुसती म्हणाली, “चिखल हाय, वहाना काढून जा.” बांधाचं उघाडीकडचं टोक अजून शाबूत आहे. पहिली जागा, दुसरी जागा. पलीकडची खांड रुंदावत आल्यानं तिसरीवर बांध तुटलेला आहे, पण काठ उरलाय, दोन पावलं ठेवण्यापुरता. तिथं उभी राहिले. पाणी चढत होतं. तिवरांच्या पलीकडून खाडीच्या मधून एक बोट आली, पिवळी, बुटकी. बाजूवर तीनचा आकडा.

मी ठरवून काही केलं नाही. हात तोंडाशी गेले आणि मी हाळी घातली. “होऽऽ!”

बोट आपल्या वाटेनं जात राहिली. तिला ऐकायला कान बसवलेले नाहीत, हे माझ्याहून चांगलं कुणाला माहीत? मला हेही माहीत होतं, की याच वेळी पेणच्या खोलीत तिसरी रेघ वर उठली असेल.

पिशवीत फोन वाजला. ऑपरेटर.

“ताई, तुम्ही तीन नंबरच्या क्यामेऱ्यात दिसताव. तोंड उघडा हाय. काय झाला? पाय अडकलाय काय?”

“नाही हो. ठीक आहे.”

“मग वरडताव कोनाला?”

मी काही बोलले नाही. हा माणूस शांतता ‘बरा हाय’ म्हणून सोडून देणाऱ्यांतला. पण त्या दिवशी त्यानं ती सोडली नाही.

“ताई,” तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, “हाळी घातलीव काय? मी देऊ काय ओ?”

“नको, दादा,” मी म्हणाले. “तुम्ही स्क्रीन बघा.”

“बरा,” तो म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधी, “तीन नंबर बरा हाय.”

बोट वळणाआड गेली. भरती अजून उतरायची होती, आणि उतरेपर्यंत तिसरी जागा सोडायची नसते. मी तिथं उभी राहिले.